‘हौस’ शोधता शोधता: शिकागोच्या ऑनलाइन शब्दकोशांचा रिव्ह्यू

मराठी शब्दांचं ज्यांना थोडंसुद्धा वेड आहे त्यांनी शिकागो युनिव्हर्सिटीच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीचं शब्दकोशांचं पान मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवावं, मला खरं तर एवढंच सांगायचंय. पण नुसतं भारी आहे भारी आहे म्हणून कोणाला काय कळणार, म्हणून एकच शब्द घेते आणि तो तिथं कसा शोधत जाता येतो, कुठपर्यंत जाता येतं आणि कुठं गाडी अडते ते सविस्तर लिहिते. शब्द आहे हौस. आपण दिवसातून कितीदा तरी वापरतो, हौस म्हणून केलं, हौस फिटली, भारी हौस बाबा तुला, पण तो आला कुठून हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात.

आधी सेवा काय आहे ते. साइट अमेरिकेतली पण आतलं कपाट आपलं. मराठीचेच बघा, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे (१८५७ची दुसरी आवृत्ती), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, वझे यांचा १९११चा शाळकरी कोश आहे, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे, आणि फलटणला राहून मराठी शिक्षणाचं एवढं मोठं काम केलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा कोशसुद्धा आहे. शिवाय हिंदी, उर्दू, फारसी, संस्कृत, कन्नड, गुजराती, असे कितीतरी. पैसे नाहीत, लॉगिन नाही, मधेच उड्या मारणाऱ्या जाहिराती नाहीत. शब्द टाका, नोंद बघा, आणि नोंदीबरोबर मूळ पुस्तकातला पान नंबरही मिळतो म्हणजे ज्यांना छापील प्रत उघडून ताडून बघायचंय त्यांची सोय होते. दिसायला पान एकदम साधं आहे, रंग नाहीत, चित्रं नाहीत, आणि मला ते तसंच आवडतं कारण नजर सरळ शब्दावर जाते.

आता हौसच का. आम्ही सांगलीकर, आमचा नाटकाचा एक ग्रुप आहे, नोकऱ्या संसार सांभाळून संध्याकाळी तालमी करणारी माणसं सगळी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर इथंच केलं त्यामुळे आमच्याकडे नाटक म्हटलं की घरटी एक तरी माणूस तयार असतो. तर स्पर्धेच्या आधी पोस्टर करायचं चाललं होतं आणि संस्थेच्या नावाखाली 'हौशी कलावंत' असं लिहायचं की नाही यावरून तालमीत चर्चा पेटली. ग्रुपमधली सगळ्यात धाकटी मुलगी, कॉलेजात आहे, ती म्हणाली, "मावशी, तो हौशी काढूया ना, हौशी म्हटलं की लोकांना वाटतं हे टाइमपास करतात, तिकीट कोण काढत नाही, पासच मागतात." आमचे दिग्दर्शक काका पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "अगं बाळ, राज्य नाट्य स्पर्धेच्या नावातच हौशी आहे, तो काढला तर आपण बसायचं कुठं?" दोघांचंही म्हणणं मला पटत होतं. मग चहा येईपर्यंत मी तिथंच बाकावर बसून मोबाइलवर शब्द टाकला आणि त्यानंतर घरी येऊन रात्री उशिरापर्यंत तेच करत बसले.

पहिला दरवाजा मोल्सवर्थ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला माणूस, जॉर्ज आणि थॉमस कँडी हे दोघे भाऊ त्याच्या जोडीला, आणि या सगळ्यांच्या पाठीशी आपली शास्त्रीमंडळी, ज्यांचं नाव कव्हरवर येत नाही पण ज्यांच्याशिवाय हा कोश झालाच नसता. पहिली आवृत्ती १८३१ची. त्याच्या आधी १८२९ला शास्त्र्यांनी स्वतःचा मराठी-मराठी कोश काढलेला होता हे विसरून चालणार नाही. मोल्सवर्थ तब्येतीमुळे मायदेशी गेला आणि मग दुसऱ्या आवृत्तीसाठी परत आला, ती १८५७ला निघाली, आणि पहिलीतले चाळीस हजारांच्या आसपासचे शब्द दुसरीत साठ हजारांच्या घरात गेले. लोक त्याला मोलेसर शास्त्री म्हणायचे, आणि कोश वाचला की ते का म्हणायचे ते समजतं, कारण नोंदींमध्ये नुसता अर्थ नाही, त्या शब्दाभोवतीचे वाक्प्रचार आहेत, म्हणी आहेत, देशावर काय म्हणतात कोकणात काय म्हणतात हे आहे. एका मराठी शब्दासाठी पाच-सहा इंग्रजी शब्द ओळीनं मांडून ठेवतो, एकानं भागत नाही हे त्याला माहीत होतं. आणि बऱ्याच शब्दांपुढं कंसात एखादं इंग्रजी अक्षर असतं, त्यावरून तो संस्कृत की हिंदी, फारसी की अरबी एवढं समजतं. हौस आपल्याकडे बाहेरून आलीय, ही पहिली खूण अशा छोट्याशा अक्षरातच मिळते, पण अक्षर फक्त दिशा दाखवतं, वाट आपण चालायची.

म्हणून दुसरा दरवाजा दाते-कर्वे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे, १९३२ ते १९३८ या काळात सात खंड आणि १९५०ला पुरवणी. हा कोश म्हणजे माझ्या मते मराठीतलं एक डोंगराएवढं काम आहे आणि आपण त्याची पुरेशी आठवण ठेवत नाही. अर्थ मराठीतूनच, ओळीनं आकडे घालून, जुन्या वाङ्मयातली उदाहरणं, उदाहरणापुढं 'ज्ञा' असलं तर ज्ञानेश्वरी, 'तुगा' असलं तर तुकारामाची गाथा, आणि शेवटी चौकटी कंसात शब्दाचं मूळ. तिथं हौसेच्या मागे अरबी हवस उभी आहे.

हवस! हिंदीतली हवस, ती थिल्लर सिनेमांच्या पोस्टरवरची. मी जेव्हा हे पहिल्यांदा ग्रुपमध्ये सांगितलं तेव्हा आमच्यातले दोघं तिघं चक्क दचकले, कारण घरातली आजी ज्या तोंडानं 'नातवाची हौस पुरवली' म्हणते तो शब्द आणि हा शब्द सख्खे कसे असतील. पण आहेत. ध्वनीचं गणित अगदी सरळ आहे, 'अव'चा 'औ' व्हायला मराठीत वेळ लागत नाही, गवळण गौळण, चवथा चौथा, तसंच हवस आणि हौस.

आता या साइटची खरी मजा इथून सुरू होते, कारण आपण मराठी कोशातून उठून त्याच घरातल्या पुढच्या खोलीत जाऊ शकतो. प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४) उघडा, तिथं हवस म्हणजे इच्छा आणि वासना. मग स्टाइनगासचा फारसी कोश (१८९२) उघडा, आणि तिथं अरबीतला मूळ भाव कळतो, तो आहे वेडाचा, डोकं फिरण्याचा. आजच्या अरबीतसुद्धा हा शब्द झपाटल्यासारखं एखाद्या गोष्टीच्या मागं लागणं अशाच अर्थानं आहे. म्हणजे सुरुवात वेडापासून. आजच्या फारसीत त्याची धार कमी होते, एखादा पदार्थ खायची अचानक इच्छा झाली तरी इराणी माणूस हाच शब्द वापरतो, आपण आज भेळेची लहर आली म्हणू तसं, पण वासनेचा अर्थही शेजारीच असतो. हिंदी-उर्दूत येऊन तो खाली घसरला आणि वासनेतच अडकला. आणि मराठीत येऊन? मराठीत तो घरात आला, देवघरात आला, रुखवतात जाऊन बसला.

आणि सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे तुर्की. तुर्की भाषेत हेवेस नावाचा शब्द आहे, तोच हा, आणि त्याचा अर्थ उत्साहाची ओढ, काहीतरी करावंसं वाटणं, आणि त्यापासून झालेला हेवेसकार म्हणजे हौशी माणूस, धंदा म्हणून नाही तर आवडीनं एखादी कला करणारा! म्हणजे इस्तंबूल आणि सांगली यांच्यामधे एवढे देश पण शब्दानं दोन्हीकडे एकच वळण घेतलं आणि मधल्या हिंदी-उर्दूत मात्र वेगळं. हे मी तालमीत वाचून दाखवलं तेव्हा ती कॉलेजची मुलगी बराच वेळ हेवेसकार हेवेसकार करत होती. तुर्कीचं मात्र या साइटवर मिळत नाही, साइट दक्षिण आशियाची आहे, ते वेगळं शोधावं लागतं.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायचीय. शब्द अरबी निघाला की काही जणांना तो लगेच परका वाटायला लागतो, मग त्याच्याजागी दुसरा शोधा वगैरे. ही चर्चा आपल्याकडे जुनी आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याला राज्यकारभाराचं कारण होतं आणि ते मोठं काम होतं. विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धी आली. माधवराव पटवर्धन म्हणजे आपले कवी माधव जूलियन, यांनी १९२५ला फारसी-मराठी कोश केला, आणि पुढं तेच भाषाशुद्धीच्या बाजूनं उभे राहिले, इतका हा प्रश्न माणसाला आतून हलवणारा. पण हौस मला विचाराल तर पूर्ण मराठी आहे. मूळ कुठलंही असो, आपण तिला जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नाही. तिच्याजागी 'आवड' ठेवून बघा, जमत नाही. 'इच्छा' ठेवा, कोरडं वाटतं. 'छंद' ठेवा, तो वेळ घालवायचा प्रकार होतो. हौसेत खर्च आहे, कष्ट आहेत, आनंद आहे, आणि कोणी सांगितलेलं नसताना करणं आहे.

आमच्या शेजारच्या काकूंनी पुतणीच्या लग्नाचं रुखवत केलं ते मी जवळून बघितलंय. सुपारीचे नवरा-नवरी, त्यांना कापडाच्या चिंधीचं उपरणं आणि शालू, नवरीच्या नाकात मण्याची नथ, ती नथ इतकी बारीक की चिमट्यानं धरून चिकटवली, साखरेचं तुळशीवृंदावन, कापसाच्या वस्त्रांचे हार, आणि एका ताटात डाळी-तांदळाची रांगोळी ज्यात मुगाची हिरवी आणि मसुराची केशरी रेघ कुठं एकमेकीत मिसळलेली नाही. मी म्हटलं, काकू बाजारात रेडिमेड मिळतं की सगळं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "मिळतं गं, पण माझी हौस कशी भागणार त्यानं?" या 'भागणार'कडे बघा. हौस भागते, तहान भागते, भूक भागते. हौस फिटते, कर्ज फिटतं, पांग फिटतात. हौस पुरवतात, डोहाळे पुरवतात, लाड पुरवतात. म्हणजे मराठीनं हौसेला शरीराच्या गरजांच्या आणि मायेच्या मधे कुठंतरी जागा दिलीय, आणि हे एवढं एका वाक्यात कुठल्या कोशात लिहिलेलं नसतं, क्रियापदं शेजारी ठेवली की आपोआप दिसतं. हौसेला मोल नाही ही म्हण तर आहेच. जत्रेत येणारे हौसे, नवसे आणि गवसे, त्यात पहिला मान हौशांचा, जो काही मागायला आलेला नाही आणि ज्याला काही मिळेल अशी आशाही नाही, नुसता आनंदानं आलाय. शिवाय मुलींची नावं. हौसाबाई, हौसा. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई पाटील, प्रतिसरकारच्या चळवळीत जीव धोक्यात घालून काम केलेली बाई, २०२१ला गेल्या. वासना या अर्थाच्या शब्दावरून कोणी लेकीचं नाव ठेवत नाही. शब्द मराठीत येऊन किती बदलला याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

कन्नडचा कोशही त्याच साइटवर आहे आणि आम्ही सीमेजवळचे म्हणून मी सहज हव्यास शब्द बघायला गेले. आपल्याकडे हव्यास म्हणजे हाव, पैशाचा हव्यास, सत्तेचा हव्यास, चांगलं काही नाहीच. आणि कन्नडात हव्यास म्हणजे छंद, आवड! हव्यासी रंगभूमी म्हणजे त्यांची हौशी रंगभूमी. म्हणजे बेळगावात एकाच रस्त्यावर मराठी ग्रुपनं हौशी लिहायचं आणि कन्नड ग्रुपनं हव्यासी, माणसं तीच, काम तेच. हिंदी माणूस आमची हौस ऐकून दचकेल आणि आपण त्यांचा हव्यासी वाचून दचकतो. या एका गोष्टीसाठी सुद्धा ही साइट उघडावी, शेजारच्या भाषांत आपले शब्द काय होऊन बसलेत ते कळतं.

इंग्रजीचं थोडं. एन्थुझिॲझम या शब्दाचं मूळ ग्रीक, एन्थिऑस म्हणजे ज्याच्या आत देव आहे असा. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, अंगात येणं. खंडोबाच्या जागरणात वाघ्या घुमायला लागतो, दिमडी वाजते, देव अंगात येतो, ते. इंग्रजीत हा शब्द सतराव्या-अठराव्या शतकात चक्क टीका म्हणून वापरायचे, धर्माच्या नावानं भलतंच भारावलेल्या माणसांना उद्देशून, त्याला आजचा चांगला अर्थ नंतर मिळाला. तिथंही वाट तशीच, झपाटण्यापासून उत्साहापर्यंत. अरबी जुनूनमध्ये जिन्न बसलाय. फॅन हा शब्द फॅनॅटिकमधून, आणि तो लॅटिनमधल्या देवळाच्या शब्दावरून. आणि आपण? आपण तर सरळ 'नाटकाचं वेड आहे' म्हणतो, 'नाद लागला' म्हणतो, कोल्हापूरकर 'नाद खुळा' म्हणून मोकळे होतात. माणूस एखाद्या गोष्टीत मनापासून बुडाला की जगभर लोकांना आधी तो वेडाच वाटतो, शब्दांत हे सगळीकडे राहून गेलंय.

उत्साह मात्र वेगळ्या घराण्यातला. संस्कृतात उद् आणि सह्, आणि सह् म्हणजे सोसणं पण आणि मात करणं पण. नाट्यशास्त्रात वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, उत्साह आहे, हे आम्हा नाटकवाल्यांना पहिल्या शिबिरातच शिकवतात. तो टिकणारा आहे, बळाचा आहे. हौस वीररसात बसत नाही, ती सणासुदीची आहे. उमेद फारसी, मूळ अर्थ आशा. जोश फारसी, मूळ अर्थ उकळी. शौक अरबी, ओढ. हे सगळे शब्द याच साइटवर तासाभरात बघून होतात, मी प्रत्येकावर लिहीत बसत नाही.

आता उणिवा. मुळात हे जुने कोश आहेत हे डोक्यात ठेवूनच वापरावं लागतं. १८५७च्या कोशात आजची हौशी रंगभूमी कुठून असणार. ती मुलगी तालमीत सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "ते सगळं ठीके मावशी, पण मग हौशी म्हणजे पैसे न घेणारा असं कधी झालं, कुणी केलं?" आणि याचं उत्तर कुठल्याच नोंदीत सापडत नाही. माझं मत असं की व्यावसायिक हा शब्द समोर उभा राहिला तेव्हा त्याला जोडीदार लागला, इंग्रजी ॲमॅच्युअरसाठी आपण हौशी घेतला, आणि मग तो क्रीडा संघटनांच्या नावांत पण गेला, हौशी कबड्डी महासंघ बघा. ॲमॅच्युअरचंही मूळ लॅटिनमधलं, प्रेम करणारा असं, म्हणजे जोडी चांगलीच जमली. पण इंग्रजीत त्याला जो कच्चेपणाचा वास आहे तोही मागून आमच्या हौशीला चिकटला आणि तीच त्या मुलीची तक्रार होती. शब्दाचा हा अलीकडचा सगळा प्रवास, वर्तमानपत्रं, नाटकाच्या जाहिराती, संस्थांच्या घटना यांतून कोणीतरी गोळा करायला हवा. जुने कोश ते करू शकत नाहीत, तो त्यांचा दोष नाही, ते काम आपल्या पिढीचं आहे आणि ते व्हायला हवंय असं मला फार वाटतं.

दुसरं, मोल्सवर्थ वापरायला इंग्रजी बऱ्यापैकी यावं लागतं, आणि तेही १८५७चं इंग्रजी, कधी कधी मराठी शब्द कळतो आणि अर्थ म्हणून दिलेला इंग्रजी शब्दच कळत नाही. ज्यांना इंग्रजीचा कंटाळा आहे त्यांनी सरळ दाते-कर्व्यांपासून सुरुवात करावी. तिसरं, प्रत्येक कोशाचं शोधायचं पान वेगळं आहे, म्हणजे एकच शब्द मोल्सवर्थमध्ये टाका, मागं या, परत दाते-कर्व्यांत टाका. मोबाइलवर हे वेळखाऊ होतं. मराठी कोश एकदम शोधायचे असतील तर बृहद्कोश ही आपल्या मराठी माणसांनी उभी केलेली साइट जास्त सोपी पडते, तिथं एका शोधात बरेच मराठी कोश समोर येतात, आणि मी रोजच्या कामाला तीच वापरते. पण मराठीतून उर्दूत, उर्दूतून फारसीत, तिथून कन्नडात असं भटकायचं असेल तर शिकागोला पर्याय नाही.

चौथं, व्युत्पत्तीच्या बाबतीत कुठल्याही एका कोशावर विसंबू नये. मोल्सवर्थचं एक अक्षर आणि दाते-कर्व्यांचा कंस हे दोन्ही थोडक्यात आहेत, कसं आणि का हे सांगायला तिथं जागाच नाही. कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा मराठी व्युत्पत्ति कोश जवळ असेल तर तोही उघडावा. आणि शक्य असेल तेव्हा शब्द ज्या भाषेतून आला त्या भाषेच्या कोशापर्यंत जावं, प्लॅट्स, स्टाइनगास इथंच कामाला येतात. वॉट्सॲपवर शब्दांच्या जन्मकथा फिरतात ना, अमुक शब्द तमुकवरून आला म्हणून, त्यातल्या कितीतरी पाच मिनिटांत तपासता येतात. कॉलेजमधल्या मराठीच्या मुलांना तर शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात हे शिकवावं.

वापरण्याबद्दल दोन-तीन गोष्टी. शब्द देवनागरीत टाइप करता येतो, मराठी कीबोर्ड असला की झालं. सापडला नाही तर लगेच सोडून देऊ नका, जुनं लेखन वेगळं असायचं, अनुस्वार जास्त, शेवटचे ऱ्हस्व-दीर्घ उलटे, 'हौशी' नाही मिळाला तर 'हौस' टाका, आणि आजूबाजूच्या नोंदी वाचा, कारण शेजारच्या दोन नोंदींमध्येच कधी कधी मोठं घबाड असतं. नोंदींच्या आतल्या मजकुरातही शोधता येतं, हा पर्याय लोक बघतच नाहीत, मोल्सवर्थमध्ये एखादा इंग्रजी शब्द टाकला तर ज्या ज्या मराठी शब्दांच्या अर्थात तो आलाय ते सगळे समोर येतात, म्हणजे कोश उलटा चालवता येतो. उत्साहासाठी मराठीत किती शब्द आहेत हे बघायला मी तेच केलं. अनुवाद करणाऱ्यांनी, संवाद लिहिणाऱ्यांनी हे करून बघाच. ऐतिहासिक नाटकातल्या पात्राच्या तोंडी कुठला शब्द शोभेल हे ठरवायला याचा आम्हाला खूप उपयोग होतो.

स्क्रीनवर वाचून ज्यांचे डोळे दुखतात त्यांच्यासाठी, मोल्सवर्थचं पुनर्मुद्रण पुण्यात १९७५ला झालेलं आहे, दाते-कर्व्यांचे खंड वरदा बुक्सनं पुन्हा काढले, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि ग्रंथालयांत चौकशी करावी. खंड जाड आहेत, मांडीवर घेऊन वाचता येत नाहीत, टेबल लागतं. पण सातही खंड ओळीनं कपाटात लावलेले बघण्यातसुद्धा समाधान आहे आणि ज्यांच्याकडे जागा आणि पैसे आहेत त्यांनी घ्यावेतच.

माझे पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो प्रत्येक कोशात वेगळं जाऊन शोधावं लागतं म्हणून. भाषांतरकार, शिक्षक, नाटकवाले, शब्दकोडी सोडवणारे, बाहेरदेशी वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवणारे आईबाबा, या सगळ्यांनी वापरावी अशी सेवा आहे. सुरुवात कुठून करायची असं कोणी विचारलं तर मी सांगते की आपल्या आजीच्या तोंडातला एक शब्द घ्या जो तुम्ही स्वतः आता वापरत नाही, आणि आधी दाते-कर्वे उघडा, मोल्सवर्थ नंतर.